रुद्राणीने पुसलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. लातुरातल्या एका बंगल्यात कपाटावर पडून असते. अंगावर बोटभर धूळ आहे, तारा गंजल्या आहेत. त्याचे मला फारसे वाटत नाही. वस्तूच्या नशिबी अडगळ असतेच. पण ज्या दिवशी मी सर्वांत लख्ख होते, त्या दिवसाचा राग अजून जात नाही.

रेणापूरचे तेलाचे व्यापारी मल्लिकार्जुनअप्पा यांनी तरुणपणी हौसेने मला हैदराबादहून आणले. हौस दोन वर्षांत फिटली आणि मी खुंटीला लागले. बहात्तरच्या दुष्काळात घरातला रांजण कोरडा, दुकानात तेलाचे डबे मात्र भरलेले. ओल्या फडक्याने मला कोण पुसणार? अप्पांच्या बायकोने, गंगम्माने, मला चक्क करडीचे तेल चोळले. लाकडी पाट तेलाने चकाकतो, तशी ही चकाकेल, असा तिचा हिशेब. आठ दिवस चकाकलेही. मग तेल चिकट झाले, त्यावर फुफाटा बसला आणि माझा आवाज घुसमटला.

तेव्हा त्यांची आठ वर्षांची रुद्राणी पुढे आली. आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातले अर्धा पेला पाणी ती रोज बाजूला काढी. ते कोमट करून त्यात मलमलचा तुकडा बुडवी, घट्ट पिळी आणि मला वीतवीत पुसून लगेच कोरडे करी. तारांखालची घाण तिने काडीला कापूस गुंडाळून काढली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा मोकळी वाजले. अप्पांचे डोळे भरून आले. गळ्यातल्या इष्टलिंगाला शपथेचा हात लावून ते म्हणाले, "रुदे, आजपासून ही तुझी. कुणाला देणार न्हाई."

रेडिओवरची गाणी ऐकून ती वाजवायला शिकली. तारांवरचा हाताचा घाम पुसल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. दहा वर्षे मी सुखात होते, आणि खरे सांगते, थोडी गर्विष्ठही झाले होते.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. रुद्राणीचा भाऊ संगप्पा नोकरीवाचून घरी बसलेला. एके दिवशी अप्पा म्हणाले, "रुदे, गिटार लख्ख कर गं. परवा साहेब जेवाया येऊन राहिलेत."

"मी वाजवायची का, अप्पा?"

"हाव. वाजव की."

पोरीला केवढा आनंद झाला! जुन्या तारा काढून तिने माझे सारे अंग पुसले, नव्या तारा चढवल्या, बोंडातल्या कापसासारख्या मऊ कापडाने इतके घासले की तिचा चेहरा माझ्यात दिसू लागला. साहेबांसमोर तिने मला सुरेख वाजवले. साहेबांनी मान डोलावली.

"साहेब, तुमच्या चिरंजीवासाठीच पुसून ठिवली हाय," अप्पा हसून म्हणाले. "रुदे, जीपमधी ठिव."

रुद्राणी जागची हलेना. "अप्पा, तुम्ही लिंगाला हात लावला व्हता."

अप्पांनी तिला दाराआड नेले. "संगप्पाच्या नोकरीचं हाय, पोरी. लगीन झाल्यावर तू काय गिटार वाजवणार हायीस?"

केसाने गळा कापणे म्हणतात, ते हेच. रुद्राणी परत आली. डोळ्यांतून पाणी गळत होते, तरी सवयीने तिने एकेक तार पुसली. मग तिनेच मला जीपमध्ये ठेवले.

संगप्पा नोकरीला लागला. चिरंजीव मला आठ दिवस वाजवून कंटाळले.

मित्रांनो, वाद्ये पुसून ठेवा, एवढे तर कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. आम्हाला देऊनच टाकायचे असेल, तर देणाऱ्याने आपल्या हाताने पुसावे. जिचा आमच्यावर जीव आहे, तिच्याकडून पुसून घेऊ नये.