बॉनेटवरचं अर्धं कुंकू

मी एक जुना भुंगा आहे. फुलावर बसणारा नव्हे, मोटारीच्या पत्र्यावर फिरणारा. मला खरं म्हणजे पॉलिशर म्हणतात. मी विजेवर चालतो. माझ्या तोंडाशी एक गोल तबकडी आहे आणि तिच्यावर मेंढीच्या लोकरीची टोपी चढवतात. माझ्या गुणगुणण्यामुळे चिंचवडच्या त्या आळीत सगळे मला भुंगाच म्हणू लागले.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. आगबोटीतून मी मुंबईला आलो, तिथल्या एका गॅरेजात काही वर्षं राबलो आणि जळून बंद पडल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर येऊन पडलो. १९५२ साली उद्धवरावांनी मला तिथून उचललं. ते कऱ्हाडकडचे. मोटारी रंगवण्याचं काम करायला इकडे आलेले. त्यांनी माझ्या पोटातली जळलेली तांब्याची तार नव्यानं गुंडाळली, तेल दिलं आणि मी पुन्हा फिरू लागलो. रविवारी ते घरच्या अंगणातच लोकांच्या गाड्या चकचकीत करून देत. खिडकीतून माझी वायर बाहेर यायची. शेजारचे बबनराव दात घासत उभे राहायचे आणि म्हणायचे, "उद्धवराव, गाडीला बघायला पाव्हणे येणार हायत काय?"

"येणार हायत की. तुमीबी तोंड धुऊन या, न्हाईतर पाव्हणे परत जातील," उद्धवराव म्हणायचे.

मित्रांनो, माझ्या कामाबद्दल एक गैरसमज आहे. मी रंग चढवतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांनी रंगाचा वरचा पापुद्रा खराब होतो. पत्र्याला लेप लावून मी तो पापुद्रा घासून काढतो. खालचा चांगला रंग उघडा पडतो आणि गाडी नवी दिसते. म्हणजे मी फक्त काढून घेतो. काढलेलं परत ठेवणं मला येत नाही.

उद्धवरावांचा हात फार हलका होता. ते मला कधी दाबून धरत नसत. थोड्या थोड्या वेळानं मला थांबवून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघत. पत्रा तापला असला तर निवू देत. त्यांची एकच सवय होती, जी मला त्या वेळी चांगली वाटायची. डाग कशाचा, असं ते गिऱ्हाइकाला कधीही विचारत नसत. विचारलं की माणसाला आपला निष्काळजीपणा दाखवून दिल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. डाग दिसला की मुकाट्यानं काढायचा.

१९५५ च्या वैशाखात चऱ्होलीचे नानासाहेब आपली काळी मोटार घेऊन आले. घरी मुलाचं लग्न होतं. गाडी सहा महिने गोणपाटाखाली झाकून ठेवलेली, त्यामुळे पार निस्तेज झालेली. नानासाहेब मोठे बागाईतदार, स्वभावानं मितभाषी. त्या सकाळी ते गाडीपाशी बराच वेळ उभे राहिले. बॉनेटवर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. उद्धवरावांनी विचारलं, "आजून काय सांगायचं हाय का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि टांग्यात बसून पिंपरीला आपल्या कामाला गेले.

आम्ही कामाला लागलो. दारं झाली, मागची बाजू झाली. उन्हं उतरू लागली तेव्हा बॉनेट घेतलं. त्याच्या मधोमध वीतभर जागेत वेडेवाकडे फिकट डाग होते. चुना उडाल्यासारखे. उद्धवरावांनी लेप लावला आणि मला त्यावर टेकवलं. डाग विरू लागले. मला तर माझाच अभिमान वाटत होता.

उंबऱ्यात त्यांची मुलगी दुर्गा बसली होती. ती शाळेत शिक्षिका होती आणि मुलांच्या वह्या तपासत होती. तिनं मान वर केली. तिच्या बाजूनं बॉनेटवर तिरपं ऊन पडलं होतं. ती ओरडली, पण माझ्या आवाजात तिचं काही ऐकू येईना. तेव्हा तिनं धावत आत जाऊन बटणच बंद केलं.

"काय गं?" उद्धवराव चिडले.

"आबा, इकडे या. इथून बघा. हे डाग नाहीत. हे बोटानं काढलंय."

उद्धवराव तिच्याशेजारी जाऊन वाकले. काळ्या रंगावर स्वस्तिक होतं. दसऱ्याला गाडीची पूजा करताना कुणीतरी ओल्या कुंकवानं काढलेलं. लाली पुढे कुणीतरी पुसली होती, पण तोवर ते रंगात उतरून फिकट खूण उरली होती. आता त्याच्या दोनच भुजा शिल्लक होत्या. प्रत्येक रेघेच्या शेवटी बोट जरा दाबून उचललेलं दिसत होतं.

"नानासाहेबांच्या मंडळी गेल्या कार्तिकात वारल्या," दुर्गा हळूच म्हणाली. "सावित्रीबाई. शाळेच्या हळदीकुंकवाला यायच्या."

उद्धवराव अंगणातच खाली बसले. त्यांच्या पत्नी शालनबाई बाहेर आल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "मग आता अर्धं ठेवून काय करता? पुरतं काढून टाका. बॉनेट आरशासारखं दिसंल. त्येंनाच कुठं ठावं असंल?"

"ठावं हाय. सकाळी हात कुठं ठेवत व्हते, बघितलं न्हाईस?"

"समद्या गावात तुमच्या हाताचं नाव हाय. अर्धवट गाडी लग्नात फिरली तर परत कोण दारात येईल?"

तेही खरं होतं. मी त्यांच्या मांडीवर पडून होतो. माझं अंग अजून गरम होतं. त्यांनी बटण दाबायला सांगितलं असतं तर मी फिरलो असतो. यंत्राला नाही म्हणता येत नाही.

त्यांनी माझी वायर काढली आणि गुंडाळून ठेवली.

नानासाहेब आले तेव्हा उद्धवरावांनी त्यांना चकचकीत दारं दाखवली नाहीत. थेट बॉनेटपाशी नेलं. "नानासाहेब, माझ्या हातनं चूक झाली. कुंकू हाय हे वळाखलं न्हाई. निम्मं गेलं."

नानासाहेब वाकले. उरलेल्या रेघांवरून बोट फिरवत राहिले. शालनबाई पदराचं टोक पिळत दारात उभ्या होत्या.

"चूक तुमची न्हाई," शेवटी ते म्हणाले. "सकाळी तेवढंच सांगाया थांबलो व्हतो. तेवढी जागा सोडा, म्हणून. पर बायकोच्या कुंकवाचं परक्या माणसाला कसं सांगायचं? तोंडातनं निघंना."

"आन मी इचारलं न्हाई. इचारायची मला लाज."

"हात कापत व्हता तिचा," नानासाहेब म्हणाले. "दोनदा पुसून पुन्यांदा काढलं. मी म्हनलं, राहू दे आता, गाडीला काय कळतंय? तर माझ्यावरच वसकली." ते एकदम हसले. मग ओट्यावर बसून बोलतच राहिले. सावित्रीबाईंना मोटारीत बसलं की मळमळायचं, तरी लिंबू हुंगत बसायची हौस, असं बरंच काही. पुढ्यातला चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "उरलंय ते राहील का?"

"वरनं मेण लावतो. जपून धुवा. राहील."

ते मेण उद्धवरावांनी मऊ फडक्यानं, हातानंच लावलं. मला हातात घेतलं नाही.

लग्नाला उद्धवरावांच्या घरचे सगळे गेले होते. तिथं घडलेलं दुर्गा नंतर बबनरावांना सांगत होती, ते मी ऐकलं. नानासाहेबांची थोरली बहीण गोजाबाई मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली, "आरं नाना, गाडी घासाया दिलीस ती मधीच इसरला व्हय तुझा कारागीर?" नानासाहेब म्हणाले, "इसरला न्हाई आक्का. थांबला."

त्यानंतर उद्धवराव प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागले. कुणाला राग यायचा, कुणी हसायचं. एकानं दारावरचे ओरखडे दाखवून सांगितलं, हे आमच्या मेलेल्या कुत्र्याचे, राहू द्या. गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत.

गेल्या माघात उद्धवराव गेले. मी फळीवर आहे. लोकरीची टोपी आता कडक झाली आहे, वायरीचं रबर तडकलं आहे. दोन जण मला मागायला आले होते. दुर्गानं दिलं नाही, कारणही सांगितलं नाही. कधी कधी ती मला खाली घेते, धूळ झटकते आणि परत ठेवते. परवा ती शालनबाईंना विचारत होती, "आबांच्या डाव्या अंगठ्यावर ती जुनी भाजल्याची खूण होती ना, ती कशाची?" शालनबाई म्हणाल्या, "लग्नाच्या आदीची. मी कदी इचारलं न्हाई."

मलाही ठाऊक नाही. ती माझ्याही आधीची.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, कोरडं ठेवा, वापर संपला म्हणून अडगळीत टाकू नका. एवढं मागण्याचा हक्क माझ्यासारख्या म्हाताऱ्याला आहे. पण आज घरी गेलात की माझ्याआधी तुमच्या माणसांकडे बघा. त्यांच्या हातावर एखादी खूण असेल. ती कशाची, ते त्यांना विचारा. त्यांना सांगायला लाज वाटेल, तुम्हाला विचारायला वाटेल. तरी विचारा.