अख्खी नळी

“आज पुन्हा आला होता,” बाबा म्हणाले. “दारातच उभा. बस म्हटलं तरी बसत नाही.”

मुलीने गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. कोण, ते विचारायची गरज नव्हती. “काय म्हणाले काका?”

“नेहमीचंच. माझा हात चुकला का रे, म्हणून विचारतो. मी काय सांगू त्याला?”

काका म्हणजे बेलोजच्या कारखान्यातले टेस्टर, बाबांचे जिवलग. बेलोज ही दोन पाइपांच्या मधे बसवायची, घड्याघड्यांची नळी. पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तर दबावा. बाबा संगणकावर त्या नळीचे बारीक तुकडे पाडून, दाबाखाली कुठल्या तुकड्यावर किती ताण येईल याचा हिशेब मांडायचे. काका खरी नळी हवा भरून तपासायचे. एका दुपारी ती मधोमध बाजूला वाकली, फुटली आणि काका जागच्या जागी गेले. चौकशी झाली. बाबांच्या हिशेबात नळी सरळ होती, म्हणून ठपका काकांवर आला: दाब प्रमाणाबाहेर वाढवला. मेलेला माणूस कशाला उलट बोलतोय!

बाबांच्या जिवाला मात्र घोर लागला तो लागलाच. हिशेबाला त्यांनी नळीचा पावच भाग घेतला होता. चारही बाजू सारख्या, मग एक मोजली की झालं. तेव्हा सगळेच असं करायचे. पण पाव भागाच्या कापलेल्या कडा जागेवर धरून ठेवाव्या लागतात, त्याला बाजूला झुकायला वावच नसतो. बाबांनी नोकरी सोडली, काकूंच्या घराकडे जाणारा रस्ताही सोडला. पुढे मुलगी त्याच कामात शिरली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अख्खी घेत जा हो, बाई.”

आता त्यांच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. “तीच नळी एकदा अख्खी करून बघ,” त्यांनी मुलीला सांगितलं होतं. “चूक त्याची की माझी, ते कळल्याशिवाय मी वहिनींसमोर जाणार नाही. आणि गेल्याशिवाय मरणारही नाही, बघच तू.” ही धमकी की विनवणी, ते तिला कळलं नव्हतं.

त्या दिवशी ऑफिसात तिने जुनं ड्रॉइंग काढून अख्खी नळी उभी केली, दाब चढवला. नळी फुगली, ताठली, पण सरळच राहिली. तिचा जीव भांड्यात पडला. बाबा सुटले!

कॉफी संपेपर्यंतच तो आनंद टिकला. संगणकातली नळी फार गुणी असते. तिच्यात कुठे खोट म्हणून नसते. कुठल्या बाजूला वाकायचं हेच तिला ठरवता येत नाही, म्हणून ती आपली सरळ उभी राहते. खरा पत्रा असा कधी नसतो. म्हणून या कामातली माणसं मुद्दाम केसाएवढा बाक पेरतात आणि मग बघतात. हे तिला ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे याचाच राग आला. इथेच थांबलं तर कोण विचारणार होतं?

तिने बाक पेरला. ठरलेल्या दाबाच्या बऱ्याच अलीकडे नळी हळूच एका अंगावर कलली, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं तिला वाटलं. मान वळवायचा धीर झाला नाही.

“नव्हता चुकला, काका,” ती म्हणाली.

“मला म्हणालात?” शेजारच्या टेबलावरून आवाज आला.

“नाही हो. चालू द्या तुमचं.”

घरी बाबा वाटच बघत होते. “राहिली का सरळ?”

“राहिली,” ती म्हणाली. शब्दाला शब्द खरा होता.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. “बाक पेरला होतास?”

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“अगं, माझीच ना तू? पेरल्याशिवाय उठली नसशील.”

“पेरला. मग वाकली. बरीच आधी वाकली, बाबा.”

बाबा मोठ्याने रडले. पोटच्या पोरीसमोर रडायची लाज त्या दिवशी त्यांना वाटली नाही. मग म्हणाले, “इस्त्रीचा शर्ट काढ माझा.”

काकूंनी दार उघडलं आणि त्या पदराने हात पुसायच्या थांबल्या. “भावजी? किती वाळलात हो!”

बाबांनी मुलीचा दंड धरला होता. ते उभ्याउभ्याच बोलले. “वहिनी, त्याचं काही चुकलं नव्हतं. दाब बरोबर होता. हिशेब चुकला, तो माझा.”

काकू खुर्चीवर बसल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुलीला वाटलं.

“लेक विचारायची,” त्या म्हणाल्या, “बाबा कसे गेले म्हणून. मी सांगायचे, त्यांच्याच हातून चुकलं. मीच सांगायचे हो, भावजी.”

त्यांनी फोन उचलला, लेकीचा नंबर लावला. “अगं, ऐक जरा. तुझ्या बाबांचं...” पुढे त्यांना बोलवेना. त्यांनी फोन बाबांपुढे धरला. “तुम्हीच सांगा तिला.”

“आई? काय झालं, आई?” फोनमधून आवाज येत होता.

बाबांनी फोन दोन्ही हातांत घेतला आणि कानाला लावला.