मुराळ्याची गाडी

रुपचंदचं बोट पत्र्यातून आरपार गेलं.

त्यानं फार जोर लावला होता असंही नाही. गाडीच्या मागच्या दाराखालच्या पट्टीवर पॉलिश पेपर घासताना एक फुगवटा दिसला, तो जरा दाबून पाहिला, एवढंच. पत्रा खारी बिस्किटासारखा मोडला. बोट बाहेर काढलं तर रक्त कुठलं आणि गंज कुठला, कळेना.

"लागनं का?" त्याच्या बायकोनं, लताबाईंनी, ओट्यावरून विचारलं. त्या आखाजीच्या सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होत्या.

"लागनं त्यानं काही नई. आखो एक भोक पडनं!"

"मंग त्यात नवं काय? हाई चाळणी मना हातमा शे, ती तुमना हातमा." असं म्हणून त्यांनी चाळणीवर थाप मारली.

रुपचंदनं पॉलिश पेपर भिरकावला. धरणगावात सकाळी नऊला अंगण तापलं होतं आणि त्या तापल्या अंगणात, कडुनिंबाखाली, वडलांची, आबांची, क्रीम रंगाची अँबॅसेडर चार विटांच्या थप्प्यांवर उभी होती. महिनाभर तो तिच्यामागे लागला होता. एक भोक बुजवावं तर शेजारी दोन उघडी पडत. तारेच्या ब्रशनं गंज काढावा तर गंजाबरोबर पत्राच निघून येई. एकदा त्यानं हौसेनं सगळा उघडा पत्रा बोअरच्या पाण्यानं स्वच्छ धुतला, तर सकाळी उठून पाहतो तो पुन्हा सगळीकडे तांबूस बुरशी. त्या दिवशी तो जेवला नाही. जिनिंगमध्ये चाळीस वर्षं कारकुनी केली, तिथं एवढा ताप कोणी दिला नव्हता.

आणि हे सगळं कशासाठी, तर अक्कासाठी, मोठ्या बहिणीसाठी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. ताईबाईअक्का भडगावला दिलेली. आबा होते तोवर दर आखाजीला ही गाडी भडगावला जायची आणि अक्का मागच्या डाव्या सीटवर बसून माहेरी यायची. आबा गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. रुपचंदची दोन एकर केळी होती. केळीला पोटॅश लागतं आणि पोटॅशला ओल चालत नाही. तेव्हा बंद काचांची कोरडी गाडी याहून चांगली जागा कुठली? गावात कितीतरी जणांनी केलंय तसं. कोणी जुन्या जीपमध्ये पेंड ठेवतं, कोणी टेम्पोत कोंबड्या. पण पोटॅश पत्र्याला खातं हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि रुपचंदनं विचारलं नाही.

अक्का एका आखाजीला एसटीनं आली, शेडमध्ये डोकावली आणि तिला मागच्या सीटखाली गोण्या दिसल्या. "तठे मनी जागा व्हती रे!" एवढं ओरडली आणि पुरणपोळीला हात न लावता उलट्या पावली स्टँडवर गेली. जाताना म्हणाली, "माले लेवाले येशी तं आबानी गाडी लई ये. नई तं येऊ नको."

रुपचंदही तिचाच भाऊ. सुंभ जळला तरी पीळ जाईना. नऊ आखाज्या गेल्या. हा गेला नाही, ती आली नाही. यंदा भाचेसून ज्योतीचा फोन आला की आखाजी झाली की आम्ही आईंना कायमचं सुरतेला नेतोय, भडगावचं घर बंद होणार. म्हणजे आत्ता आली तर आली. त्या दिवशी रुपचंद शेडमध्ये गेला, गोण्या ओढून काढल्या, गाडी अंगणात घेतली आणि खाली पाहिलं तर सीटच्या पायथ्याशी थेट जमीन दिसत होती.

दुपारी एरंडोलहून मोईज आला. मोईज डेंटर, गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करणारा. त्याच्या वडलांनी आबांच्या गाडीचं काम केलेलं, म्हणून तो भर उन्हात आला, नाहीतर अशा गाडीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. त्यानं गाडीभोवती फिरत बोटाच्या पेरांनी टकटक केली. कुठं ठण्ण वाजे, कुठं भद्द.

"भाऊ, भद्द वाजतं तिथं नुसती लांबी आहे, पुट्टी भरलेली. पत्रा नाही."

"मग लांबी काढ, वेल्डिंग मार!"

"वेल्डिंग कशावर मारू? पत्र्याला पत्रा धरतो, भाऊ. हवेला नाही धरत."

"तू मार तर खरं!"

मोईजनं मारलं. ठिणगी पडली, कडेचा पत्रा मेणासारखा वितळला आणि लिंबाएवढ्या भोकाचं मोसंबं झालं. दुसरीकडे मारलं, तिथंही तेच. रुपचंदनं कपाळावर हात मारून घेतला. मोईजनं मशीन बंद केलं आणि डावीकडचं मागचं मॅटिंग उपटायला घेतलं. खाली काही धड असेल तर तिथून सुरुवात करू, म्हणाला.

मॅटिंग जागोजागी चिकटलं होतं. ते फाडलं तेव्हा खाली पाट निघाला.

लाकडी पाट, जेवायला बसायचा असतो तसा, चार कोपऱ्यांना पितळी फुलं. त्यातलं एक पडलेलं. चार स्क्रूंनी तळाला घट्ट आवळलेला आणि खालून डांबर लावून बुजवलेला. स्क्रू गंजून मेले होते; मोईजनं छिन्नीनं तोडले. पाट उचलला तर खाली हे एवढं भगदाड.

"हे पोटॅशचं नाही हां, भाऊ," मोईज वाकून पाहत म्हणाला. "ये पुराना छेद है. हे बघा, पाटाच्या कडेला क्रीम रंगाचे शिंतोडे. गाडीला क्रीम रंग दिला त्याच्या आधीचा आहे हा पाट."

"गाडी क्रीम केली अक्काच्या लग्नात," रुपचंद हळू म्हणाला. "त्याआधी हिरवी होती."

"म्हणजे लग्नाच्या वेळीच गाडी सडलेली. आबांनी पाट ठोकून भागवलं, वरून रंग मारला."

रुपचंद ताडकन उभा राहिला. नऊ वर्षं! नऊ वर्षं भाऊबंदांत, लग्नाकार्यांत, अंत्ययात्रांतसुद्धा तो 'आबांच्या गाडीची माती करणारा' होता. लताबाईंनी ऐकवलं, चुलत्यांनी ऐकवलं, अक्कानं तर बोलणंच टाकलं. आणि गाडी मुळात आबांनीच सडकी घेतली होती, सडकी ठेवली होती आणि पाटावर भागवली होती! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

"आते दखाडस तिले," तो लताबाईंना ओरडून म्हणाला. "हाऊ पाट तिना पुढे टाकस आणि विचारस, सांग, कोनी सडाई गाडी?"

"आणि गाडी?" लताबाईंनी विचारलं.

रुपचंदनं मोईजकडे पाहिलं. मोईजनं मान हलवली. सीट बसवायला खाली आधारच उरला नव्हता. आखाजीपर्यंतच काय, पुढच्या आखाजीपर्यंतही ती रस्त्यावर येणार नव्हती. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं? रुपचंद मडगार्डवर टेकला. मडगार्ड कुरकुरलं, तसा घाईनं उठला. मग बराच वेळ तो गाडीभोवती टकटक करत फिरला. भद्द, भद्द, भद्द. मागच्या डाव्या दाराशी आला आणि ठण्ण वाजलं. वरपासून खालपर्यंत ठण्ण. शेडमध्ये ते दार भिंतीच्या बाजूला होतं, पावसाच्या ओलीपासून वाचलेलं.

"मोईज, हे काढ."

"काढून काय करणार?"

"गाडी आण म्हणली ना ती? जेवढी शे तेवढी लई जास."

दोन दिवस तो त्या एका दारापाशी बसला. घासलं, रेड ऑक्साइड मारलं, वर क्रीम रंगाचे दोन हात दिले, काच वर-खाली करणाऱ्या हॅंडलला तेल घातलं. आखाजीच्या आदल्या दिवशी दार गोधडीत गुंडाळून आणि पाट पिशवीत घालून तो स्टँडवर उभा राहिला. पहिल्या बसच्या कंडक्टरनं घेतलं नाही. दुसऱ्याचा स्वभाव जरा बरा होता.

"काका, हे काय?"

"दार."

"ते दिसतंय. गाडी कुठंय?"

"घरी."

कंडक्टरनं एकदा दाराकडे, एकदा रुपचंदकडे पाहिलं, दाराला अर्धं तिकीट फाडलं आणि वाद वाढवला नाही. एरंडोलला बस बदलताना दार उतरवताना-चढवताना रुपचंदची कंबर धरली. माणसं हसत होती. हसा लेको, तो मनात म्हणत होता, आणि सगळा वेळ अक्काला सांगायचं वाक्य घोळवत होता. 'अक्का, ज्याच्यासाठी तू नऊ वर्षं तोंड फिरवलंस ना, ते भोक आबांचं शे.' वाक्य चांगलं धारदार झालं होतं.

भडगावला ज्योतीनं दार उघडलं. घरात बांधलेली बोचकी, रिकाम्या फळ्यांची कपाटं. अक्का खाटेवर बसली होती. पार वाळली होती, नाकातली नथ तेवढी तीच. तिनं गोधडीतून निघालेलं दार वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाडी कोठे शे?"

"इतलीच उनी."

"आणि बाकीनी?"

"बाकीनी येवाले तयार नई. तुनामायक हट्टी शे."

अक्काच्या ओठांची कड हलली. ती उठली, दाराजवळ आली, हॅंडलवरून हात फिरवला. रुपचंदनं पिशवीत हात घातला. आता सांगायचं.

"अक्का, तुले एक दखाडनं शे—"

पण अक्का ऐकतच नव्हती. तिचा हात दारावरच होता.

"लगीनना दिन आबा हाईच दार धरी उभा व्हतात. मी रडी रडी बेजार. मी पाय आत टाकाले गऊ तं म्हणे, पोरी, पाय खाले नको ठेवू, तुनासाठे पाट मांडेल शे. देखं तं खरंच पाट! पितळी फुलंना. कोन्या नवरीले गाडीमा पाट भेटना, सांग माले? आठे उतरनू तं सासरना लोके देखतच ऱ्हायनात. सासू जनमभर बोलनी नई माले वाकडं. म्हणे, बापनी पाटवर पाय ठेवाडीसन धाडेल पोर शे." तिनं पदरानं डोळे पुसले. "मांगून आबानी वर मॅटिंग टाकं, तरी दर आखाजीले त्याच पाटवर पाय ठेवीसन मी माहेरले उनू. आणि तू त्यावर पोटॅश ठेवं, रुपचंद."

रुपचंदचा हात पिशवीत पाटावर तसाच राहिला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की 'तठे मनी जागा व्हती' म्हणजे कुठं. धार लावलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं. त्याला राग आला, आबांचा आला, गंजाचा आला, स्वतःच्या नशिबाचा आला. वाक्य त्यानं गिळलं.

"काय दखाडनं शे?" अक्कानं विचारलं.

"काही नई. चाल, बस निघी जाई."

परतीच्या बसमध्ये मागची सीट मिळाली. दार त्यांच्या पुढ्यात उभं राहिलं. कासोदा मागं पडलं तसं ऊन आत यायला लागलं. अक्कानं सहज हॅंडल फिरवून दाराची काच खाली केली आणि तिथं कोपर टेकलं. समोरचा माणूस वळून बघायला लागला. बघू दे, रुपचंदला वाटलं.

सीट चाकावर होती, उंच. अक्काचे पाय लोंबकळत होते. रुपचंदनं पिशवीतून पाट काढला, रुमालानं पुसला आणि वाकून तिच्या पायांखाली ठेवला.

अक्का बघत राहिली. "मनाच का रे?"

"तुनाच."

तिनं वाकून कडेला बोट लावलं. "खाले हाई काळं काळं काय लागेल शे?"

"पोटॅशनं व्हई," रुपचंद म्हणाला. "मनी चूक."

"मी म्हणेलच व्हती," अक्का म्हणाली. तिनं चपला काढल्या आणि दोन्ही पाय पाटावर ठेवले.