मुरलेली खोली

खोली सजवलेली आहे असं वाटताच कामा नये, असं त्या तिन्ही पुस्तकांत पानोपानी लिहिलेलं होतं, आणि मी बया ते अक्षर न् अक्षर खरं धरून चालले.

मी पडदे शिवते. एका गिऱ्हाईकाने घर बदलताना पुस्तकांचा गठ्ठा माझ्या गळ्यात मारला, त्यात ही तीन होती. इंग्लंडच्या खेड्यांतल्या बड्या लोकांची जुनी घरं आतून कशी सजवतात, त्याबद्दलची. उचलताना मनगट भरून यावं इतकी जड, आणि आत फोटोच फोटो. फुलाफुलांचे विटलेले पडदे, एकीशी एक न जुळणाऱ्या खुर्च्या, कोपऱ्यात बुटका दिवा, खुर्चीच्या हातावर उपडं ठेवलेलं पुस्तक. कुणीतरी तिथं जन्मभर सुखानं राहिलंय आणि आत्ताच उठून बागेत गेलंय, असं वाटावं. इतकी वर्षं मी सोफ्याला पडदा आणि पडद्याला उशी मॅच करत आले. ते फोटो बघून म्हटलं, अगं बाई, आईला अशी खोली हवी!

कारण इतकी वर्षं दादाकडे राहिलेली आई आता माझ्याकडे यायची होती. दादा-वहिनी दुसऱ्या शहरात लहान घरात चालले होते. आईचं कपाट, तिची ट्रंक, डबे, सगळं त्यांनी विकून-वाटून टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही! वहिनी फोनवर म्हणते, "अहो ताई, जुनंपानंच होतं सगळं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात आई म्हणाली, "पंधरा दिवस येते तुझ्याकडे. मग वृद्धाश्रमात नाव घालीन." म्हणजे माझ्याकडे पाहुणी! मी ठरवलं, तिला अशी मुरलेली खोली द्यायची, की बॅग उघडून तिने कपडे कपाटात लावलेच पाहिजेत.

मग काय, जुन्या बाजारात फेऱ्या सुरू झाल्या. दोन खुर्च्या, दिवा, पाय डुगडुगणारं टेबल. एका तसबिरीत कुणी मिशाळ गृहस्थ होते, तेही टांगले. नवंकोरं फुलांचं कापड आणलं आणि विटकं दिसावं म्हणून बादलीभर चहाच्या पाण्यात भिजत घातलं. नवरा बाथरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "नवं आणून जुनं करायचं, तर माझ्या बनियनांनी काय घोडं मारलं होतं?"

"तू गप रे. तुला यातलं काही कळत नाही."

"मला नाही कळत, कबूल. आईंना कळेल ना?"

असला राग आला! पण खोली झाली मात्र अशी, की मीच दारात उभी राहून बघत बसले. शेवटी खुर्चीच्या हातावर एक पुस्तक उपडं घातलं आणि त्याच्यावर बाजारातलाच एक जुना चष्मा ठेवला. हुबेहूब फोटो.

आई आली. दारातच थांबली.

"छान आहे गं. कुणाची खोली?"

"कुणाची म्हणजे? तुझी!"

"हो का," म्हणाली, आणि खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकली. डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघतात ना, तशी. पडद्याचं टोक नाकाशी नेलं. "याच्यावर कुणी चहा सांडलाय का?" मग वर बघून, "हे गृहस्थ कोण?"

"कुणी नाहीत. असेच लावलेत."

"असेच कसे लावतील?"

रात्री बघते तर ही बाहेर सोफ्यावर, बॅग उशाशी. म्हणे, तिथं झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. टॉवेल काढायचा तरी बॅगेची चेन हात जाईल एवढीच उघडायची आणि लगेच बंद करायची. मी दिव्याची जागा बदलली, खुर्च्या फिरवल्या, पुन्हा पुस्तकं उघडून बसले. माझं काय चुकतंय तेच कळेना.

आणि मग एका सकाळी ती फोनवर बोलताना कानावर पडलं. "हो, एकटीच आहे मी. येताना काय काय आणावं लागेल?"

माझा तोल गेला. "वृद्धाश्रमच ना? घाल, घाल नाव! मी इथं मरमर मरते, आणि तू चष्म्यालासुद्धा हात लावत नाहीस!"

"अगं, पण तो माझा नाही ना," आई शांतपणे म्हणाली. तिचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. "तू हौसेनं आणलंस सगळं, कळतं मला. पण तिथं बसलं की वाटतं, कुणाच्यातरी माघारी त्यांच्या खोलीत शिरलेय. ते आले की उठायला लागेल."

मी आत गेले आणि मिशाळ गृहस्थांना आधी खाली उतरवलं. खुर्च्या ओढत बाहेर, दिवा बाहेर, पडदे रॉडसकट बाहेर. नवरा टेबलाला हात द्यायला आला. खोलीत राहिला एक पलंग आणि एक रिकामं कपाट.

"घे!" मी धापा टाकत म्हटलं. "आता सांग तूच. काय हवंय तुला? एकदा काय ते सांगून टाक!"

आईनं खोलीकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे बघत होती. दाराच्या आतल्या बाजूवरून तिनं हात फिरवला.

"याला आतून कडी नाही."

"कडी? कडी कशाला?"

"दादाकडे हॉलमध्ये झोपायचे ना मी. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की अंथरूण घालायचं, कुणी उठायच्या आत उचलायचं. साडी बदलायची ती बाथरूम मोकळं असेल तेव्हा." ती इतक्या साधेपणानं सांगत होती की मला तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं दर आठवड्याला फोन करत होते मी. कशी आहेस विचारायचे, बरी आहे म्हणायची, संपलं. आणि त्या तिन्ही पुस्तकांतल्या एकूण एक फोटोत दार सताड उघडं.

नवरा खाली जाऊन कडी घेऊन आला. स्क्रू बसवताना एकदा त्याच्या बोटाला लागलं, तरी एक विनोद केला नाही. आईनं कडी दोनदा लावून-काढून बघितली. मग बॅग उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी जरा वेळ थांबले. मग दार वाजवलं.

"आई, येऊ का मदतीला?"

"नको. आवरतेय मी."

"अगं, बघू तरी दे काय करतेयस!"

"नंतर बघ. आणि मी हाक मारल्याशिवाय येत जाऊ नकोस हं."

माझ्याच घरात मला दाराबाहेर उभं केलं होतं. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण आतून कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला, मग दुसरा. मी तिथंच फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.