वीस आणि तेवीसच्या मधली पानं

मी एक कॉमिक बोलतोय, आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. बत्तीस पानं, दोन पिना आणि एक चकचकीत मुखपृष्ठ, एवढाच माझा संसार. तेवढाही माणसांना धड सांभाळता आला नाही.

माझ्या पोटात केल्टिक पुराणकथांमधले वीर आहेत. चित्रकाराने त्यांना तंग कपडे चढवून सुपरहिरो केलं. एक कावळीण, म्हणजे कावळ्याचं रूप घेणारी युद्धदेवी. दुसरा चांदीच्या हाताचा राजा. समोर एकडोळ्या राक्षस, त्याने डोळा उघडला की समोरचं सगळं जळून खाक. असा राक्षस चालून येत असताना हे दोघे काय करतात? पहिली बारा पानं गैरसमजातून एकमेकांनाच बडवतात. मला लाज वाटते, पण सांगणार कोणाला? पुढे ते एक होतात म्हणून माझी कथा होते, एवढंच.

मला पिना मारल्या त्या बाबांनी. छापखान्यात बांधणी विभागात त्यांची हयात गेली. त्या दिवशी यंत्रातून माझी वरची पिन वाकडी बसली आणि मी रद्दीच्या ढिगात पडलो. बाबांनी मला उचलून घरी आणलं. घरी त्यांची दोन मुलं होती, ताई आणि धाकटा. दोघं जमिनीवर पालथी पडून मला वाचायची. कावळीण बोलली की ताई आवाज काढायची, राजा बोलला की धाकटा. त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे माझ्या पानापानावर आहेत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतात.

मग ती मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. ताईने चष्म्यांचं दुकान काढलं, धाकटा लिफ्ट दुरुस्त करू लागला. त्यांची आई गेली, मोठं घर सोडायचं ठरलं, आणि सामान आवरता आवरता दोघांचं जुंपलं. आईच्या आजारपणात कोण किती राबलं, यावरून. नको ते बोलून झालं. भांडी वाटली, कपाटं वाटली, शेवटी उरलो मी. दोघांनाही मीच हवा होतो. इतकी वर्षं धूळ खात होतो तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

बाबांनी काय करावं? चाकूच्या टोकाने माझ्या दोन्ही पिना काढल्या आणि चष्म्याच्या घरात ठेवल्या. मुखपृष्ठ स्वतःकडे घेतलं. मग बाहेरचा ताव ताईला, त्याच्या आतला धाकट्याला, पुन्हा ताईला, पुन्हा धाकट्याला, अशी माझ्या आठ तावांची वाटणी केली. अहो, माझ्या एका दुमडलेल्या तावावर चार पानं असतात, दोन सुरुवातीकडची, दोन शेवटाकडची. असं वाटल्यावर दोघांकडेही गोष्टीच्या नुसत्या चिंध्या उरणार. चाळीस वर्षं बांधणी केलेल्या माणसाला एवढं कळू नये? मी मनातल्या मनात खूप बोललो त्यांना.

पुढे सात वर्षं मी एकाच वेळी दोन घरांत राहिलो. अर्धा ताईच्या खणात विजेच्या बिलांखाली, अर्धा धाकट्याच्या हत्यारांच्या पेटीत, ग्रीसचा वास घेत. ताई शनिवारी बाबांच्या खोलीवर जायची, धाकटा रविवारी. चुकून गाठ पडू नये म्हणून. बाबा दोघांनाही एकच विचारायचे, तिचं काय चाललंय, त्याचं काय चाललंय. दोघंही विषय बदलायची. बाबांचे डोळे अधू होत चालले होते, हात कापायला लागले होते, पण यांचा हट्ट काही हलेना.

मग ताई दुकानाच्या पायरीवरून घसरली. पायाला प्लास्टर, तीन आठवडे घरात. पुन्हा पुन्हा तीच वर्तमानपत्रं वाचून कंटाळली आणि खण उपसताना मी हाती लागलो. विसाव्या पानावर राक्षसाच्या डोळ्याने राजा जळून पडतो. त्यानंतर तिच्याकडे थेट तेविसावं पान, आणि तिथे राजा ठणठणीत उभा. पण तिथून शेवटपर्यंत त्याच्या तोंडी एक अक्षर नाही. ताईने मला चारदा उलटंसुलटं केलं. लहानपणी पाठ होतं सगळं, आता आठवेना. शेवटी चिडून तिने फोन उचलला.

सात वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य काय बोलावं? ती म्हणाली, "राजा तेविसाव्या पानापासून बोलत का नाही?"

पलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ नुसती पानं चाळली गेली.

"त्याला जादूच्या हंड्यात घालून जिवंत केलंय," धाकटा म्हणाला. "हंड्यातून परत आलेल्याला बोलता येत नाही, ताई. बाविसाव्या पानावर आहे." मग म्हणाला, "पण तो मेला कसा? ते माझ्याकडे नाहीये."

ताईने सांगायला तोंड उघडलं आणि तिला रडूच आलं. धाकटा म्हणाला, "राहू दे, मी येतो न्यायला. बाबांकडे जाऊन वाचू."

तो शनिवारही नव्हता आणि रविवारही. कुबडीचा आणि बुटांचा आवाज एकदम ऐकून बाबा खाटेवर उठून बसले. त्यांनी चष्म्याचं घर उघडून माझ्या दोन पिना काढल्या.

"मला वाटलं होतं आठवड्याभरात याल," ते म्हणाले. "सात वर्षं लावलीत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या माणसाला सगळं कळत होतं, एकमेकांवाचून गोष्ट पुरी होऊ नये म्हणूनच त्यांनी मला असं वाटलं होतं. मीच मूर्ख, उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडत बसलो.

कापऱ्या हातांनी त्यांनी मुखपृष्ठात माझे ताव लावले आणि जुन्याच भोकांतून पिना घातल्या. वरची पुन्हा वाकडी बसली. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून दोघांना मोठ्याने वाचायला लावलं. पहिल्या बारा पानांची मारामारी वाचताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. तेविसाव्या पानापासून राजाला संवाद नाहीत, तरी धाकटा आपली पाळी असल्यासारखा गप्प थांबायचा, आणि ताई तेवढा वेळ त्याला द्यायची.

आता मी बाबांच्या उशाशी असतो. मला घरी कोणी न्यायचं यावरून परवा पुन्हा कुरबूर सुरू झाली. बाबांनी मला उशीखाली सारलं आणि सांगितलं, "वाचायचा असेल तर दोघांनी एका दिवशी यायचं." माझं तुमच्याकडेही एवढंच मागणं आहे. मला माळ्यावर टाका, तेलकट बोटांनी हाताळा, चालेल. पण बाबांसारखा वाटणी करणारा नसेल, तर मला वाटून घेऊ नका.