खवणीवरचा आळ

मी एक जुनी खवणी आहे. लाकडी पाट आणि पुढे दातेरी लोखंडी पातं. पनवेलच्या एका लोहारानं मला घडवलं, त्याला त्रेपन्न वर्षं झाली. मित्रांनो, माझ्यावर एक आळ आला होता. तो मला मान्य नाही, हे आधीच सांगते.

मी एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबात काम करते. मांसाबरोबर दूधदुभतं खायचं नाही, हा त्यांचा धर्मनियम. म्हणून मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात शिजतो. मलिदा या त्यांच्या नवसाच्या विधीतल्या गोड पोह्यांतलं खोबरंही माझंच. तीन पिढ्या माझं कौतुक झालं. आमच्या मटणात ना तूप, ना दही, मग कोलेस्टेरॉल येणार कुठून, असं घरात अभिमानानं म्हणत. घरचा आताचा कर्ता मनासे, त्याचे वडील पन्नाशीत गेले, थोरला भाऊ एलियाहू त्रेचाळिसाव्या वर्षी. दोघेही हृदयविकारानं. तरी तो अभिमान टिकला.

मनासे जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला. वय एकेचाळीस, अंगानं काटकुळा, रोज वडाळे तलावाला तीन फेऱ्या. गेल्या जानेवारीत त्याचं रक्त तपासलं, तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दोनशे ऐंशी निघालं. ते शंभराच्या आत हवं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ती त्यानं घेतली नाही. मला मात्र माळ्यावर टाकलं. बायकोला, रिवकाला, म्हणाला की नारळ बंद केला की सगळं उतरेल.

तीन महिने मी धूळ खाल्ली. खोबऱ्यातल्या चरबीनं एलडीएल वाढतं, हे मी नाकारत नाही. पण फेरतपासणीत आकडा आला दोनशे एकसष्ट. उरलेल्याचा जाब कोण देणार?

डॉक्टर काय म्हणाले ते रिवकानं सतरा वर्षांच्या एफ्रातला, आपल्या मुलीला, माझ्या माळ्याखालीच सांगितलं. एलडीएल रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेतं. नंतर यकृतानं ते उचलून घ्यायचं असतं. या घराण्यात ती उचल जन्मापासूनच कमी असावी. म्हणून एलडीएल रक्तात साचतं, धमनीच्या भिंतीत शिरतं आणि वर्षानुवर्षं थर चढवत राहतं. माणूस बारीक असला तरी ते चुकत नाही. मुलीचंही रक्त तपासायला हवं.

मनासे नाही म्हणाला. आपली माणसं मूठभर, त्यातली कितीतरी इस्राएलला गेलेली. पोरीला काही आहे असं कळलं, तर स्थळ कोण आणणार?

“एलियाहूकाकांचं लग्न झालंच ना, पप्पा?” एफ्रात म्हणाली. “काकू आता एकटी राहते. नाक तर तुमचंच आलंय मला. हेही आलं असेल, तर आत्ताच कळू दे.”

दुसऱ्या दिवशी एफ्रात आईबरोबर जाऊन रक्त देऊन आली. एलडीएल दोनशे दहा. मनासेनं तो कागद दोनदा वाचला. मग पाणी मागितलं आणि पहिली गोळी घेतली. एफ्रातचेही उपचार सुरू झाले.

आता मी पुन्हा खाली आहे, आठवड्यातून एकदाच कामाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, नारळ बेतानं वापरा. पण घरातलं कुणी तरुणपणी हृदयविकारानं गेलं असेल, तर स्वयंपाकघरात आरोपी शोधत बसू नका. स्वतःचं रक्त तपासा, मुलांचं तपासा, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या. एवढं करूनही दोष माझाच निघाला, तर मी मुकाट्यानं माळ्यावर जाईन. त्याआधी नाही.