भिंगरीची उडी

मित्रांनो, मी चाकांची एक जुनी खुर्ची आहे. पाठ वाकलेली, सीट फाटलेली. हसू नका, माझ्यासाठीही टाळ्या वाजल्या आहेत.

कारखान्यातून निघाले ती थेट एका कंपनीच्या तक्रार विभागात आले. तिथे दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाणारी एक मुलगी माझ्यावर बसायची. साहेबांची पाठ वळली की पाय उचलून मला गर्रकन फिरवायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझं एक चाक लवकरच बिघडलं. थोडं धावलं की ते करकरायचं आणि अडायचं. साहेबांनी मला भंगारात काढलं, तेव्हा भिंगरीने मला भर रस्त्यातून ढकलत, ती संध्याकाळी शिकायला जायची त्या नाचाच्या वर्गात नेलं. लोक वळून वळून बघत होते, पण तिला कसली फिकीर!

वर्गाच्या मॅडम आजच्या जगण्यावर नाच बसवत. लिफ्टची वाट बघणं, फोन खांद्याला दाबून भांडी घासणं, यातूनच त्यांचा नाच निघे. भिंगरीने त्यांना आमचं ऑफिस नाचून दाखवलं. फोन आदळायचा आणि खुर्चीची होडी करून समुद्रावर निघायचं! ती लांबून धावत येऊन माझ्यावर पोटावर झेपावायची, मी सुसाट सुटायचे आणि रंगमंचाच्या अगदी कडेला माझं ते चाक अडायचं. बघणाऱ्यांच्या काळजात धस्स व्हायचं. वर्षभर आम्ही दोघींनी ती उडी घोटली. किती पावलं धावायचं, मी कुठे थांबणार, तिला डोळे मिटूनही ठाऊक होतं. त्या नाचासाठी तिने नोकरी सोडली. "आई, आता हेच माझं काम," ती म्हणाली होती.

मोठ्या नाट्यगृहातला प्रयोग होता. मॅडमच्या कपाळावर आठी उमटली. "किती करकरतेय ही खुर्ची! आज चित्रीकरण आहे."

दिवेवाले काका म्हणाले, "चाक बदलून टाकतो. पण भिंगरीला विचारायला हवं ना?"

"ती मेकअपला बसलीय. एवढ्याशा चाकासाठी तिला कशाला उठवायचं?"

काकांनी चाक बदललं. ओरडून सांगावं म्हटलं तर माझा होता तो आवाजही गेला.

पडदा उघडला. फोन आदळून लगेच ती उडी, हीच नाचाची सुरुवात होती. भिंगरी धावत आली, झेपावली आणि मी अडलेच नाही. आम्ही दोघी कडेवरून खाली कोसळलो. आणि टाळ्या वाजल्या, मित्रांनो! लोकांना वाटलं, हाही नाचच आहे.

तिचा गुडघा गेला. तीन महिन्यांनी ती लंगडत वर्गात आली, तेव्हा तिच्या जागी नवी मुलगी सराव करत होती.

"मॅडम, उडी नाही जमणार, पण बसून नाचेन ना मी," भिंगरी म्हणाली.

"बघू," मॅडम म्हणाल्या.

ती निघाली. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, "थांब गं!"

भिंगरीचा चेहरा केवढा उजळला!

"परत इथून दारापर्यंत चाल. अशीच."

ती चालली. मॅडम नव्या मुलीकडे वळल्या. "पाहिलंस, उजवा पाय कसा टाकतेय? हे घेऊ आपण नाचात."

भिंगरी पुन्हा कधी आली नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या हातातली वस्तू दुरुस्त करण्याआधी त्याला एका शब्दाने विचारा. आणि कोणी लंगडताना दिसलं, तर दुखतंय का, एवढं तरी विचारा. त्या दिवशी वर्गात बारा जण होते. एकानेही विचारलं नाही.